मम्टीतली बंद खिडकी

आधीच सांगून टाकते... मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. कधीच नव्हते, आणि हे लिहून झाल्यावरही नसेन. इथले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि निम्म्याहून अधिक वेळा मनात म्हणते, अहो, मांजर असेल! त्यामुळे खाली "मॅडम, वारा असेल" अशी कमेंट टाकायला ज्यांचे हात शिवशिवतायत, त्यांनी जरा दम धरावा. खिडकीच्या बाबतीत वारा काय करू शकतो आणि काय नाही, हे सांगण्याचाच मला पगार मिळतो.

माझं काम खिडक्या उघडणाऱ्या यंत्रणेचं आहे. मॉलचं छत, ऑफिसच्या काचेच्या भिंती, बंगल्यातल्या उंच खिडक्या... जिथे हात पोचत नाही तिथे आम्ही मोटर बसवतो. बटण दाबलं की मोटरमधून सायकलच्या चेनसारखी जाड चेन बाहेर येते आणि खिडकी ढकलून धरते. यातल्या काही खिडक्या हवेसाठी नसतात, धुरासाठी असतात. आगीत माणसं बहुतेक वेळा भाजून नाही, धुराने गुदमरून जातात. धूर वर चढतो, जिन्यात कोंडतो, आणि जिना हाच तर बाहेर पडायचा रस्ता! म्हणून जिन्याच्या माथ्यावर खिडकी ठेवतात. धूर आला की सेन्सर कळवतो, मोटर ती उघडते, लाइट गेलेली असेल तर बॅटरीवर उघडते. एवढी साधी गोष्ट, पण लोकांना पटवता पटवता माझे केस पिकले.

आता जागा. दिल्ली, द्वारका. सोसायटीचं नाव देत नाही, कारण मला तिथेच राहायचं आहे. आठ मजल्यांचा ब्लॉक, एक लिफ्ट, एक जिना. सहाव्या मजल्यावर आम्ही तिघं — मी, नवरा आणि सासूबाई. नवरा मानेसरला गाड्यांच्या पार्ट्सच्या कारखान्यात, सकाळी कंपनीच्या बसने जातो तो रात्रीच उगवतो. सासूबाईंना मी आई म्हणते; सासरे गेल्यावर त्या सांगलीहून इथे आल्या. गुडघे आधीच गेलेले, त्यात दिल्लीच्या हवेने दमा दिला. लिफ्ट बंद असली की आई घरात कैद.

जिना जिथे गच्चीला लागतो त्या छोट्या खोलीला इकडे मम्टी म्हणतात. आमच्या मम्टीत धुराची खिडकी मीच सोसायटीच्या मागे लागून आमच्या कंपनीकडून बसवून घेतली होती. गच्चीच्या दाराच्याही वर, शिडी लावल्याशिवाय हात पोचणार नाही अशा उंचीवर. बिजागरी वरच्या बाजूला, उघडते बाहेर, काच जाड आणि पल्ला चांगला जड. मोटरने धरून ठेवला नाही तर तो स्वतःच्याच वजनाने धाडकन मिटतो. मोटर नसेल तर ही खिडकी उघडी राहूच शकत नाही... एवढं कृपया ध्यानात ठेवा.

दिवाळीनंतर दिल्लीत काय होतं ते सांगायला नको. धुरकं इतकं दाट झालं की आमचा सेन्सर एकदोनदा फसला आणि खिडकी उघडली. झालं! लोकांनी ग्रुपवर आरडाओरडा केला. आमचे सेक्रेटरी भाटियाजी मला गेटवरच भेटले.

"मॅडम, बाहर का ज़हर अंदर आ रहा है. लोगों ने एअर प्युरिफायर किस लिए लगाए हैं?"

"भाटियाजी, बाहर का धुआँ धीरे-धीरे मारता है. अंदर का पाँच मिनट में मार देगा. मैं सेन्सर बदलवा देती हूँ, बस थोड़ा टाइम दो."

"बिल्कुल, बिल्कुल," ते म्हणाले. आणि मी कामासाठी दोन दिवस जयपूरला गेल्याबरोबर त्यांनी कुठल्याशा माणसाला बोलावून मोटरच काढून टाकली! खिडकीला आतून लोखंडी कडी ठोकली आणि कडेने चारी बाजूंनी सिलिकॉन भरून ती चिकटवून टाकली. मोटर सोसायटीच्या ऑफिसात कपाटात, खोक्यात. परत आल्यावर मी शिडी लावून वर चढले आणि दोन्ही हातांनी पल्ला ओढला, ढकलला. केसभरही हलला नाही. ग्रुपवर मी लांबलचक मेसेज टाकला, त्याला भाटियाजींनी दोन जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. घरात एक म्हातारी बाई आहे जिला जिना उतरायला इतरांच्या तिप्पट वेळ लागतो, आणि हा माणूस मला नमस्कार करतोय!

डिसेंबरातली दुपार होती. मी घरूनच काम करत होते, आई गॅलरीत उन्हाला बसून मटार सोलत होत्या. दुसऱ्या मजल्यावर एका रिकाम्या फ्लॅटमध्ये फर्निचरला पॉलिश चाललं होतं, त्या थिनरने पेट घेतला. कामगार सुखरूप पळाले, पण दार उघडं टाकून. आमच्याकडे आधी लाइट गेली, मग वास आला. मी दार उघडलं तर जिन्यात काळाकुट्ट धूर. समोरचं दारही दिसेना.

काय करायचं ते मला पाठ होतं. दार लावलं, ओढणी भिजवून दाराखालच्या फटीत कोंबली, गॅलरीत आईंजवळ गेले. फायर ब्रिगेडला फोन झाला होता. पण धूर खालच्या मजल्यांच्या खिडक्यांतून बाहेर येऊन आमच्या गॅलरीतही चढायला लागला. आईंचा श्वास लागला. दम्याच्या पंपाने काही होईना, ओठ निळे दिसू लागले. आत धूर, बाहेर धूर... खरं सांगते, त्या क्षणी मला भाटियाजींचा गळा धरावासा वाटला. आई गेल्या असत्या, माझ्या हातात. आणि कशामुळे, तर एक खिडकी उघडत नव्हती म्हणून!

तेवढ्यात वरून आवाज आला. जड काच चौकटीपासून सुटताना होतो तो. मी हा आवाज आयुष्यात शेकडो वेळा ऐकलाय, मला तो झोपेतही ओळखू येईल. पाठोपाठ दाराखालची ओली ओढणी बाहेरच्या बाजूला सरकली. जिना हवा ओढत होता! मी दार उघडलं. धूर होता, पण तो वर निघाला होता, भराभर. पायऱ्या दिसत होत्या.

"आई, चला. आत्ताच."

"अगं, एवढे जिने..."

"मी धरलंय तुम्हाला. बोलू नका, फक्त उतरा."

वरची माणसं आमच्या बाजूने उतरून गेली. सातव्या मजल्यावरच्या नायरभाभींनी आईंना दुसऱ्या बाजूने धरलं. दुसऱ्या मजल्यापाशी भिंत तापली होती, पण धूर आमच्या डोक्यावरून वर ओढला जात होता आणि खालून गार हवा येत होती. ब्लॉकमधून सगळ्यांत शेवटी बाहेर पडलो ते आम्ही. पार्कातल्या बाकावर आईंना बसवलं, फायरवाल्यांनी ऑक्सिजन लावला. जरा रंग परतल्यावर आईंनी मास्क बाजूला केला, वर बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "मिटतेय बघ."

मी वर बघितलं. मम्टीची खिडकी मिटत होती... सावकाश. धाडकन नाही. कोणीतरी बेतानं खाली सोडावी तशी.

हे एकट्या मी बघितलेलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या एका मुलीने पार्कातून व्हिडिओ काढलाय. त्यात खिडकी पूर्ण उघडी दिसते, धूर बाहेर पडतोय, शेजारच्या गच्चीवरच्या चादरी वाऱ्याने फडफडतायत आणि पल्ला तसूभरही हलत नाही.

आग विझल्यावर फायर ऑफिसर, भाटियाजी आणि मी वर गेलो. गच्चीच्या दाराला मम्टीच्या बाजूने कुलूप, त्याची एकुलती एक किल्ली भाटियाजींकडे, आणि आगीच्या वेळी भाटियाजी तिथून कितीतरी लांब, कस्तुरबा गांधी मार्गावर कोणाच्या तरी ऑफिसात बसले होते. मम्टीच्या आत त्या धुरात उभा राहणारा माणूस जगला नसता. शिडी खाली, चौकीदाराच्या खोलीत. खिडकीची कडी लागलेली. सिलिकॉन चारी बाजूंनी सलग, कुठे चीर नाही की फाटलेलं नाही. मग मी स्वतः ब्लेडने सिलिकॉन कापलं, कडी काढली आणि पल्ला उघडला. पल्ल्याची आतली कड, जी खिडकी बंद असताना झाकलेलीच असते, ती काजळीने काळी होती.

उघडल्याशिवाय तिथे काजळी चढत नाही. आणि सिलिकॉन तर फाटलेलं नव्हतं. बसा आता विचार करत. मी अजून करतेय.

गरम धुराने ढकलली असेल? वर पोचेपर्यंत धुरात एवढा जोर राहत नाही, आणि ढकललीच तर सिलिकॉन फाडून ढकलेल. सिलिकॉन वितळून परत चिकटलं असेल? ते असं वितळत नाही, आणि मम्टीत तर प्लास्टिकची बादलीसुद्धा जशीच्या तशी होती. ऑफिसातल्या माझ्या इंजिनियर मित्रांनी आणखी बरंच काही सुचवलं, मी एकेक खोडून काढलं. मला काय, स्पष्टीकरण मिळालं असतं तर सगळ्यांत जास्त आनंद मलाच झाला असता!

खरा तमाशा पुढेच. भाटियाजी मिठाईचा डबा घेऊन घरी आले.

"मॅडम, आप बस इतना लिख के दे दो कि सिस्टम ऑटोमॅटिक चल गया. सबके लिए अच्छा है ना."

"सिस्टम आपके कपाट में बंद था, भाटियाजी."

"यार, खिड़की तो खुली ना!"

"खुली. आपकी वजह से नहीं, मेरी वजह से भी नहीं. झूठ मैं नहीं लिखूँगी."

माझ्या साहेबांनाही ते लिहिलेलं हवंच होतं, कंपनीचं नाव झालं असतं. त्यांनाही मी नाही म्हटलं. त्यानंतर दोन मोठी कामं माझ्याकडून काढून घेतली गेली. काढा म्हटलं.

दुसरीकडे ब्लॉकमधल्या बायकांनी मम्टीत हार आणि अगरबत्ती लावायला सुरुवात केली. कोणी म्हणे देवी, कोणी म्हणे या जागेचा जुना मालक. एक दिवस तर जिन्यात हवन मांडलं... जिन्यात! धूर काढायच्या खिडकीखाली धूर! मी वर जाऊन सगळं उचलायला लावलं. त्या दिवसापासून अर्ध्या बायका माझ्याशी बोलत नाहीत.

मग सोसायटीची मीटिंग झाली. मी मोटर परत बसवायचा विषय मांडला, आणि बाकीच्या ब्लॉकांतही अशा मोटरी बसवायचा. भाटियाजी हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "जब ऊपरवाला खुद खोल रहा है, तो मोटर की क्या ज़रूरत? खिड़की बंद रखो, धूल-धुआँ भी नहीं आएगा. ज़रूरत होगी तो खुल जाएगी." आणि माना डोलल्या! शिकलेली, सरकारी नोकरीतली, मोठमोठ्या कंपन्यांतली माणसं, आणि माना डोलवतायत! मी तावातावाने बोलायला उठले, तर शेजारी बसलेल्या आईंनी माझा हात दाबला आणि काठी टेकत स्वतः उभ्या राहिल्या. आईंचं हिंदी तोडकंमोडकं आहे, आणि असल्या गोष्टींवर त्यांचा माझ्या उलट पूर्ण विश्वास. मला वाटलं, आता या भाटियाजींच्याच बाजूने बोलणार.

आई म्हणाल्या, "मैं सबसे आखिर में उतरी. मेरे जैसी बुढ्ढी कितना टाइम लगाती है, मालूम है ना? उतना टाइम किसी ने वो खिडकी पकड के रखी. इतनी भारी. उसका हाथ नहीं दुखा होगा?" मग भाटियाजींकडे वळून म्हणाल्या, "एक बार किया उसने. हर बार उसी से करवाओगे? शरम नहीं आती? मोटर लगाओ."

एवढं बोलून आई खाली बसल्या. मी मीटिंगमध्ये रडणारी बाई नाही, पण रडले. ठराव पास झाला, भाटियाजींनीही हात वर केला.

गेल्या आठवड्यात मोटर बसली, नवा सेन्सर बसला. वायरिंगवाला खाली गेल्यावर टेस्ट घ्यायला मी एकटीच मम्टीत थांबले. बटण दाबलं. चेन सरसर बाहेर आली, पल्ला उचलला गेला आणि मोटरच्या जोरावर स्थिर उभा राहिला. त्या दुपारी तो कशाच्या जोरावर उभा होता, ते मला आजही सांगता येत नाही. कोणाला सांगता येत असेल तर जरूर लिहा, पण सिलिकॉनचं काय ते आधी सांगा.

मी देव मानत नाही, भूत मानत नाही. तरी त्या उघड्या खिडकीखाली उभी राहून मी मोठ्याने म्हटलं, "आता सोडा तुम्ही. मोटर आहे." हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.