दोघींपुरता स्मोकर

“एकटीला असला तरी मोठाच घ्या की, मावशी. पै-पावणं आलं तर?” दुकानदार म्हणाला.

कोल्हापुरातल्या त्या दुकानात लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या कांड्यांच्या, म्हणजे पेलेटच्या, धुरावर मटण भाजायचे स्मोकर ओळीने मांडले होते. माझ्यापुढच्या बाईंनी सगळ्यात लहान स्मोकरची जाळी वितीने मोजली आणि म्हशीच्या पाठीवर मारावी तशी झाकणावर थाप मारली.

“पावणं आलं तर दोन खेपा भाजीन की! रोज रिकामी जाळी तापवू व्हय? एकटीचं घर म्हंजे घर न्हाय का?”

मग दुकानदार माझ्याकडे वळला. “घरात माणसं किती, ताई?”

बाबा गेल्यापासून या प्रश्नाला मी पुटपुटूनच उत्तर द्यायचे.

“दोघी. आई आणि मी,” मी मोठ्याने म्हणाले. “लहानच द्या.”