मायचा पितळी पेला

त्या साथीची गोष्ट निघाली की लोक डॉक्टरचं नाव घेतात, आणि माझं डोकं फिरतं. डॉक्टर रिसोडहून जीपनं दोनदा आला, पाटलाच्या ओट्यावर चहा प्याला अन् गेला. सत्तावन्न सालच्या त्या उन्हाळ्यात घरोघरचा फ्लूचा ताप पाहिला तो आमच्या गावच्या नर्सबाईनं. पायी फिरून.

मी सुट्टीत घरी होतो. आमच्या अख्ख्या वस्तीतून कॉलेजात गेलेला पहिला मीच, हे मी आजही छाती काढून सांगतो. पण तेव्हा ते शिक्षण कामी आलं नाही. माय तापानं फणफणलेली, खोकून बेजार. सातवा महिना लागलेली बहीण तिला पाणी पाजायची आणि उरलेला घोट स्वतः प्यायची.

नर्सबाई आली ती तोंडाला फडकं बांधून.

"फडकं काहून वो बाई?" मायनं विचारलं. "आमचा वास येते काय?"

"दहा घरचा खोकला घेऊन फिरून राह्यली मी, मावशी. माह्या तोंडातला तुमाले लागू नये म्हणून." मग तिची नजर बहिणीकडं गेली. "हिले दुसरीकडं झोपवा. पोटुशीले हा ताप लय वाईट. अन् मावशीचा कप वेगळा ठेवा."

वेगळा कप! बाजारातल्या हॉटेलाबाहेर आमच्या लोकांचे कप खिळ्याला टांगलेले असत. चहा प्यायचा, आपणच धुवायचा, परत टांगायचा. माय अंथरुणात उठून बसली.

"बाहेर लोकायनं वेगळा कप देल्ला, त्याच्यात पेलो. आता माह्याच घरात, माह्याच पोरीपासून वेगळा? जाय तू, बाई!"

"माय, आजाराचे जंतू असतात..." मी सुरू केलं.

"तू चूप राह्य. कॉलेजात हेच शिकवून राह्यले काय तुले?"

नर्सबाई गेली नाही. बहिणीला म्हणाली, "घरातला सगळ्यात चांगला पेला कोनता?"

बहिणीनं कोनाड्यातला पितळी पेला दाखवला. मायच्या लग्नातला.

"हा आजपासून मावशीचा. मालकिणीच्या पेल्याले दुसऱ्या कोनी तोंड लावायचं नाही. तुमी बाकीचे जर्मनच्या साध्या गिलासात प्या."

मायला हसू आलं, हसताना खोकला आला. पण पेला तिनं हातात घेतला. बहीण त्याच दिवशी चुलतीकडं झोपायला गेली. तिला ताप शिवला नाही. लेकरू पुढं पावसाळ्यात दिवस भरून झालं, धडधाकट.

पण त्याच आठवड्यात नर्सबाईच तापानं पडली. दवाखान्याच्या मागच्या खोलीत एकटी. ज्यांच्या उशाशी ती बसली होती, त्यांतलं एकही माणूस तिकडं फिरकलं नाही. पाटलाच्या नातवाला तिनंच वाचवलं होतं, त्या घरची बाई मला रस्त्यात म्हणाली, "तिकडं जाऊ नको रे, साथ लागन." साथ कोणाच्या घरातून लागली तिला? मी हे तोंडावर विचारलं. ती नाकाला पदर लावून चालती झाली.

माय अजून नीट चालत नव्हती. तिनं पितळी पेला राखेनं घासला, त्यात पेज भरली आणि पदराखाली धरून गेली. परत आली ती रिकाम्या हातानं.

"पेला कुठं?" मी विचारलं.

"तिचा झाला आता तो. दुसऱ्यानं तोंड लावायचं नाही, थेच म्हने ना?"