हिवरखेडचा वानोळा

आमच्या कॉलनीत 'फुकट' या शब्दाचा सगळ्यात जास्त राग कुणाला येत असेल, तर तो बापूसाहेबांना. अकोल्यात निवृत्त शिक्षकांना तोटा नाही, पण रोज सकाळी पेपर वाचून झाल्यावर इतक्या पोटतिडकीने चिडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुणाच्या खात्यात पैसे आले, कुणाचं वीजबिल माफ झालं, कुणाला साडी मिळाली, सगळी खबर त्यांच्याकडे असे. "पौर्णिमाताई, लोकांना सवय लागली आहे हात पसरायची," असं ते माझ्या फाटकाशी उभे राहून ऐकवत. मी विमा कचेरीत बत्तीस वर्षं खिडकीवर काढलेली बाई. ऐकून घ्यायची मला सवय होतीच.

आता खरं सांगायचं तर आमची अख्खी कॉलनी सरकारच्या मांडीवर वाढलेली आहे. जागा शिक्षकांच्या गृहनिर्माण संस्थेला सवलतीत मिळाली होती. बापूसाहेबांना पेन्शन आहे, आणि महागाई भत्ता जाहीर व्हायला पंधरा दिवस उशीर झाला की त्यांचा रक्तदाब वाढतो. त्यांची मुलगी इशिता सरकारी कॉलेजात नाममात्र फीवर इंजिनिअर झाली आणि आता परदेशात कर भरते. एसटीत त्यांना ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं तिकीट, मला बाई म्हणून. एकदा मी हे सगळं त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तो आपला हक्क आहे. आपण कर भरतो." मी म्हटलं, "साबणाच्या वडीवर सगळेच भरतात." त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

पण माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे. त्यांची बायको कुंदा शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली तेव्हा तिची वेणी हा माणूस रोज स्वतः घालायचा. वाकडीतिकडी घालायचा, पण घालायचा. ती गेल्यावर घर त्यांना खायला उठलं. इशिताचा फोन रविवारी यायचा, तो दहा मिनिटांत संपायचा. वाट पाहण्यासारखं त्यांच्याकडे एकच उरलं होतं, आणि ते म्हणजे हिवरखेडहून येणारा वानोळा.

शेतात नवं जे निघेल त्यातलं थोडं, ज्याचं शेत नाही अशा आपल्या माणसाला धाडायचं, याला आमच्याकडे वानोळा म्हणतात. त्याची किंमत कुणी विचारत नाही आणि परतफेड कुणी करत नाही. बापूसाहेब तरुणपणी अकरा वर्षं हिवरखेडच्या शाळेत मास्तर होते. तिथे चंद्रभान नावाच्या त्यांच्याच वयाच्या शेतकऱ्याच्या घरी एका खोलीत राहायचे. चंद्रभानची आई चतुराबाई आपल्या पोराच्या ताटाशेजारी या परक्या पोराचं ताट मांडायची. खोलीचं भाडं तिने कधी घेतलं नाही, जेवणाचं तर नावच नको. पुढे बदली होऊन ते अकोल्याला आले आणि त्याच वर्षीच्या पौषात पहिली पिशवी आली.

ती यायची पद्धतही ठरलेली. हिवरखेडहून रविवारी सकाळच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे पिशवी ठेवायची, तिच्यावर काळ्या शाईने 'बापू, अकोला' एवढंच. त्या पिशवीचं तिकीट कुणी कधी काढलं नाही. बापूसाहेब स्टँडवर जाऊन ती उतरवून घेत आणि रिक्षातून मांडीवर घेऊन येत. तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याची कोवळी भाजी, अंबाडी, जवस, कधी फडक्यात बांधलेला हुरडा, आणि पुढे माघ-फाल्गुनात घरी भरडलेली तुरीची डाळ. त्या दिवशी बापूसाहेब मला वाटीभर सोले, म्हणजे शेंगदाण्यासारखे टपोरे तुरीचे ओले दाणे, आणून देत आणि म्हणत, "चंद्यानं पाठवलं." बहात्तर वर्षांच्या माणसाचा चेहरा तेव्हा सुट्टी लागलेल्या पोरासारखा व्हायचा. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? मला कुणी काही पाठवत नाही.

मग खुशालराव आले. खुशालराव आमच्याकडचे पुढारी, अकोल्यापासून तेल्हाऱ्यापर्यंत त्यांचा मतदारसंघ. निवडणूक जवळ आली की त्यांना ज्येष्ठ नागरिकांच्या पाया पडायची हुक्की येते. सरकारी निधीतून त्यांनी कॉलनीत म्हाताऱ्यांसाठी विरंगुळा केंद्र बांधून दिलं, कॅरम बोर्डापासून पाण्याच्या मशीनपर्यंत सगळ्यासकट. उद्घाटनाच्या दिवशी मी बापूसाहेबांच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. खुशालराव वाकून त्यांच्या कानात म्हणाले, "सर, तुम्ही या फुकट योजनांवर बोला. आम्ही बोललो तर मतं जातात, तुम्ही बोललात तर टाळ्या पडतात."

बापूसाहेबांना एवढं पुरे होतं. सरकारी पैशाच्या हॉलमध्ये, सरकारी पंख्याखाली उभे राहून त्यांनी सरकारी पैसा फुकट खाणाऱ्यांची अर्धा तास सालटी काढली. टाळ्या वाढत गेल्या तसा त्यांना चेव चढला. "माझा एक जवळचा मित्र हिवरखेडला शेती करतो," ते म्हणाले. "त्याची सून बहिणींच्या योजनेचे पैसे यायच्या दिवशी मोबाईल घेऊन ओट्यावर बसते. चुलीवर दूध उतू गेलं तरी उठत नाही. कारण मोबाईल वाजायचा राहिलाय." लोक खो खो हसले. हसणाऱ्यांत मीही होते. त्यातलं एक अक्षर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

निवडणूक झाली, खुशालराव निवडून आले, पौष लागला. पिशवी आली नाही. बापूसाहेब पहिल्या रविवारी स्टँडवर जाऊन हात हलवत परत आले. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी कंडक्टरच म्हणाला, "सर, औंदा काही दिलंच नाही कुणी." फोन केला तर चंद्रभान म्हणाला, "पिकलं नाई यंदा," आणि फोन ठेवला. त्या वर्षी तूर बरी होती, हे पेपरात आलेलं बापूसाहेबांनीच मला वाचून दाखवलं होतं. तरी चौथ्या रविवारी ते पुन्हा स्टँडवर गेले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "स्टँडवर उभं राहून काय होणार? त्याच्या घरी जा." ते खाली बघत म्हणाले, "तुम्ही येता का बरोबर?" हा माणूस आयुष्यात कधी कुणाच्या सोबतीने कुठे गेला नव्हता.

दोन अर्धी तिकिटं काढून आम्ही हिवरखेडला गेलो. चंद्रभान ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. आम्हाला पाहून उठला आणि म्हणाला, "या सर."

"सर काय बे, चंद्या?" बापूसाहेब हसत म्हणाले.

चंद्रभान हसला नाही. त्याने आतून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणून मांडल्या. बापूसाहेब खुर्चीकडे बघतच राहिले. त्या घरात ते जन्मात खुर्चीवर बसले नव्हते, सरळ माजघरात जाऊन भिंतीला टेकायचे. कपबशीतून चहा आला. तो निम्मा झाल्यावर त्यांना धीर धरवला नाही. "चंद्या, वानोळा काहून नाही धाडला?" त्यांनी विचारलं.

"मी कधी धाडत होतो?" चंद्रभान म्हणाला. "माय होती तवा माय भरे पिशवी. माय जाऊन चौदा वर्सं झाले. तवापासून सीमा भरते. शेंगा तोडणं, सोलणं, डाळ भरडणं, सारं तिचंच. मी नुसती बसपर्यंत आणत होतो. औंदा तिनं भरली नाई. मी काय म्हणू तिले?"

सीमा म्हणजे चंद्रभानचा मुलगा गोपाल याची बायको. बापूसाहेबांच्या भाषणातली, मोबाईल घेऊन ओट्यावर बसणारी सून तीच. बापूसाहेबांनी उरलेला चहा तसाच खाली ठेवला.

"आमाले तेल्हाऱ्याले नेलं होतं सभेले," चंद्रभान सांगू लागला. आवाज चढवला नाही त्याने, उलट सुपारी कातरतच बोलत होता. "बायांसाठी गाड्या केल्या होत्या. सीमा पुढंच बसली होती. स्टेजवर हा एवढा पडदा, आन् त्यात तू. खुशालराव म्हणे, पाहा, शहरातले लोक तुमाले काय समजतात. मी जित्ता आहो तवर तुमचा पैसा बंद होऊ देनार नाई. मंग तुह्यं भाषण लावलं. दूध उतू जाते तेवढं दोनदा लावलं. साऱ्या बाया तिच्याकडे पाहू पाहू हासल्या. हिवरखेडात तुह्या दोस्त एकच आहे बापू, हे कोनाले माईत नाई?"

"मला बोलायला त्यानंच सांगितलं होतं," बापूसाहेब म्हणाले. "कानात सांगितलं. ह्या ताई साक्षीला आहेत."

"त्याचं सोड. तो आमच्या घरी जेवला नाई."

मला खुशालरावाचा इतका राग आला, की तो समोर असता तर मी कपबशी भिरकावली असती. पण राग काढायला जागा कुठे होती? हॉलमध्ये टाळ्या वाजवणारे हात माझेही होते. दोन्हीकडे टाळ्या त्यालाच मिळाल्या, आणि आम्ही दोन म्हातारी माणसं इथे चोरासारखी खुर्चीवर बसलो होतो.

तेवढ्यात सीमा कप न्यायला बाहेर आली. बापूसाहेब उभे राहिले. "पोरी, चुकलं माझं," म्हणाले. "बोलण्याच्या भरात बोललो."

"बसा काका," सीमा म्हणाली. चेहऱ्यावर राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं, बापूसाहेबांना रागाशी झगडता येतं. ती कप उचलून आत निघाली, आणि नेमकं तेव्हा या शहाण्या माणसाने आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. भाषणापेक्षाही मोठी. त्यांना वाटलं असावं, फुकट खाल्ल्याचं आपण बोललो, तर आता आपण फुकट खात नाही हे तिला दिसू दे. तिचा मान राहील. त्यांनी खिशातून पाकीट काढलं. "दोन किलो डाळ दे मला," ते म्हणाले. "पैसे देऊन घेईन. फुकट नको."

चंद्रभानने अडकित्ता खाली ठेवला आणि तोंड फिरवलं. त्या घरात चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा या माणसाने पाकीट काढलं होतं.

सीमाने हातातले कप खाली ठेवले. मग आत जाऊन इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आली, डाळीचा डबा आणला, आणि ओट्यावर मांडी घालून बसली. "मंगळवारी बाजारात बसतो मी डाळ घेऊन," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "काटा योजनेच्याच पैशातून घेतला." वाटीने डाळ घातली, आकडा बरोबर दोनवर आणला, पिशवीला गाठ मारली. भाव सांगितला तोही बाजाराचाच, ना एक रुपया कमी, ना जास्त. बापूसाहेबांनी नोट दिली, तिने आतून सुटे आणून त्यांच्या तळहातावर ठेवले. "येजा काका," म्हणाली.

बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि अडगाव येईपर्यंत रडत होते. मी बघितलं नाही असं दाखवलं. डाळीची पिशवी त्यांनी मांडीवरच धरली होती.

त्यालाही आता वर्ष होत आलं. बापूसाहेब पेपर वाचतात, पण फाटकाशी येऊन कुणाला झोडपत नाहीत. खुशालरावांनी पुन्हा भाषणाला बोलावलं तेव्हा घसा बसल्याचं सांगितलं. महिन्यातून एका मंगळवारी ते हिवरखेडच्या बाजारात जातात. सीमा खाली पोतं अंथरून बसलेली असते. ते रांगेत उभे राहतात, नंबर आला की किलोभर डाळ मागतात. एकट्या माणसाला महिन्याला किलोभर डाळ लागत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात डबे भरून पडलेत, मीच त्यातली अर्धीअधिक संपवते.

बाजारात ओळखीच्या गिऱ्हाइकाला मापावर मूठभर जास्त टाकतात, ही आपल्याकडची रीत आहे. सीमाही टाकते. पुढच्या बाईला टाकलेली मूठ ते रांगेतून बघत असतात. त्यांची पाळी आली की ती नीट बोलते, तब्येत विचारते, इशिताची चौकशी करते, आणि किलोला किलो देते. चंद्रभानही कधी कधी शेजारी बसलेला असतो. तो 'या सर' म्हणतो.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी ते डाळ द्यायला माझ्याकडे आले आणि दारातच उभे राहिले. मी विचारलं, "काय झालं?"

"आज काट्यावर वीस ग्रॅम जास्त आलं होतं," ते म्हणाले. "मी पाहिलं. तिनंही पाहिलं. मग तिनं चिमटीनं काढून घेतलं."