खिडकीकडचा उतार

हिंगोलीत मुंजाजी ढवळ्यांच्या पूल पार्लरमध्ये एकच टेबल आणि एकच नियम. टेबलाशेजारी खेळणाऱ्यांची दोन स्टुले. जिंकेल तो राहील, हरेल त्याने उठून मागच्या बाकड्यावर जायचे आणि पुन्हा नंबर लावायचा.

धर्मसिंग राठोड उठत नसे. जिल्ह्यातल्याच गोरेगावजवळच्या तांड्यातला हा पस्तिशीचा माणूस दिवसभर फॅब्रिकेशनच्या दुकानात गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करी आणि संध्याकाळी जिना चढून पार्लरमध्ये येई. एकदा स्टुलावर बसला की पार्लर बंद होईपर्यंत ती जागा त्याची. लोक म्हणत, याला खेळाचा भारी नाद. पण नाद असलेली माणसे वेगळी असतात. ती हरतात, हसतात, चहा सांगतात. धर्मसिंगला उठण्याचा धसका होता.

त्याला कारण होते. कनेरगाव नाक्याला वर्गमित्राच्या बहिणीचे लग्न होते. कॉलेजात असलेला धर्मसिंग मित्रांबरोबर पंगतीत बसला. पानात भात पडला, बुंदी पडली. पहिला घास उचलला तोच एक जण समोर येऊन म्हणाला, "ऊठ रे. तांड्याकडच्यांची पंगत मागून हाय. पाहुणे उभे हायत."

तो उठला. त्याच्या पानावर कोणी बसले नाही. ते पान उचलून उकिरड्यावर टाकले गेले. वर्गमित्र वाढत होता. त्याने पाहिले आणि तो बुंदीची बादली घेऊन पुढे गेला.

त्यानंतर धर्मसिंगने लग्नकार्यात जेवणे सोडले आणि पूल खेळणे धरले. त्याची खासियत म्हणजे हळू शॉट. बॉल दमलेल्या बैलासारखा चाले, आता थांबेल म्हणता म्हणता वळसा घेई आणि अलगद टेबलाच्या खिशात पडे. वाशिमचे, परभणीचे चांगले चांगले खेळाडू मुंजाजीच्या टेबलावर येऊन त्याच्यापुढे हात टेकून गेले.

यंदा नांदेडला विभागाची निवड स्पर्धा झाली. निवड झाली की राज्याच्या स्पर्धेत खेळायचे, छातीवर विभागाचे नाव. धर्मसिंगने नवा शर्ट शिवला. जाताना बायको संगीताला म्हणाला, एकदा ते नाव छातीवर आले की आपल्याला कोण उठवतो ते बघू.

पहिल्याच सामन्यात लातूरच्या रीता नावाच्या पोरीने त्याला हरवले. त्याचा एकही हळू शॉट पडला नाही. नेम बरोबर, हात बरोबर, आणि बॉल दर वेळी खिशाच्या शेजारी जाऊन उभा. सामना संपल्यावर पोरीने हात मिळवला आणि सरळ विचारले, "दादा, तुमचे चुकलेले सगळे बॉल एकाच बाजूला जात होते. तुमच्याकडच्या टेबलाला उतार आहे का?"

हिंगोलीला उतरल्यावर तो दुकानातून लेव्हलची पट्टी घेऊन सरळ पार्लरमध्ये गेला. दुसऱ्यांच्या गेटाला ही पट्टी लावताना केसाएवढा फरक त्याला खपत नसे. या टेबलाला त्याने ती कधी लावली नव्हती. पट्टीतला बुडबुडा मधोमध थांबलाच नाही. खिडकीच्या बाजूला टेबल चांगलेच खचले होते. इतक्या वर्षांत त्याचा हात तो उतार शिकला होता आणि डोळे तो विसरले होते.

"म्हाईत व्हतं तुमाला?" त्याने विचारले.

मुंजाजी गल्ल्यावरून उठून आले. माहीत होते. बाहेरचे येऊन हरतात, म्हणून चार लोक हे टेबल बघायला येतात, असे ते शांतपणे म्हणाले. मग त्यांनाच वाईट वाटले असावे. कारागीर बोलावून टेबल सरळ करून घेऊ, असे ते म्हणाले. "तुझा हात चांगला हाय. सपाट टेबलावर वर्षभर खेळ. पुढच्या साली निवड कुठं जात न्हाई."

"आन् तवर?"

"तवर हरशील. काल शिकलेलं पोरगं बी तुला उठवंल. काही तकलीफ न्हाई, सगळेच उठतात."

धर्मसिंगने बाकड्याकडे पाहिले. मग लेव्हलची पट्टी पिशवीत घातली.

"राहू द्या," तो म्हणाला. "टेबल ठीक हाय."

"काहून रे?"

"ठीक हाय म्हणलं ना."

मुंजाजी पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसले.

त्या संध्याकाळी वाशिमचा एक नवा खेळाडू आला. धर्मसिंगने नेहमीसारखा हळू शॉट मारला. शेवटचा काळा बॉल खिडकीकडे वळला आणि पडला. तो माणूस स्टुलावरच बसून राहिला. हे कसे झाले ते त्याला उमगेना. हातात नुकताच आलेला चहा होता.

"ऊठ रे," धर्मसिंग म्हणाला. "मागचे उभे हायत."

तो गडबडीने उठला. चहाचा ग्लास टेबलाजवळच राहिला. धर्मसिंगने तो उचलला, खिडकीतून खाली ओतून दिला आणि पुढच्या खेळासाठी बॉल मांडायला घेतले.