सिस्टरांचा बसलेला घसा

माझ्या बायकोचा घसा मी एका फोनवर बसवला. तिला त्याची कल्पना नव्हती.

आधी माझी ओळख सांगतो. मी अमरावतीत आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं. 'निवडणुकीच्या काळात नेत्यांनी मुलाखतीला सामोरं जावं का?' हा निबंध मी दरवर्षी वर्गाला घालायचो आणि 'जाऊ नये' असं लिहिणाऱ्याचे मार्क कापायचो. निवृत्त झाल्यावर हेच काम टीव्हीसमोर चालू ठेवलं. एखादा मोठा नेता मुलाखत टाळून हेलिकॉप्टरमध्ये चढला, की मी सोफ्यावरून ओरडायचो, "पळतो काहून? बस ना खुर्चीत!"

मग महापालिकेची निवडणूक लागली आणि माझी बायको मंदा अपक्ष उभी राहिली. मंदा म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. अर्ध्या प्रभागाला तिने कधी ना कधी सुई टोचलेली, त्यामुळे सगळे तिला सिस्टर म्हणतात आणि जरा दबकूनच असतात. आमच्या भागातली तुंबलेली नाली तिच्या डोक्यात बसली होती. "त्या नालीच्या मच्छरायपायी पोरायले सलाइन लावू लावू थकली मी. आता नालीचाच इलाज करतो," असं म्हणून तिने अर्ज भरला. प्रचारप्रमुख मी. (दुसरं कुणी तयार होईना.)

एक दिवस गजाननचा फोन आला. गजानन गावातल्या केबल चॅनलचा वार्ताहर आणि माझा जुना विद्यार्थी; त्या निबंधात 'जावंच' असं लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळवलेला.

"सर, उद्या पाच वाजता सिस्टरची मुलाखत ठेवतो. लाइव्ह! लोकं बी प्रश्न विचारतीन."

मी हरखून हो म्हणालो आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातच रंगीत तालीम घेतली.

"निवडून आल्यावर रोज नळ येईल का?"

"कुठून येईन? धरन काय माह्या बापाचं हाय?"

"अगं, 'प्रयत्न करू' म्हण!"

"मी प्रयत्न केल्यानं धरनात पानी वाढते काय?"

"बरं, विरोधी उमेदवाराबद्दल काय मत?"

"चांगला मानूस हाय. परवा त्याचा बीपी मीच पाह्यला. वाढला हाय बिचाऱ्याचा."

मी पोळीचा घास तसाच हातात धरून बसलो. ही बाई टीव्हीवर गेली तर आमची अनामत रक्कमही वाचत नव्हती. हेलिकॉप्टरमध्ये चढणाऱ्या त्या सगळ्या नेत्यांबद्दल मला प्रथमच आपलेपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी जेवण करून मंदा भोंगा लावलेल्या ऑटोत बसून प्रचाराला गेली. मी तिला सांगितलं, मुलाखत रद्द झाली. आणि गजाननला सांगितलं, "मॅडमचा घसा पार बसला रे! डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय."

गजानन भला पोरगा. त्याने लगेच चॅनलवर पट्टी सोडली, 'उमेदवार सिस्टर यांची प्रकृती अचानक बिघडली'. (घसा पट्टीत मावला नाही, म्हणे!)

आता आमच्याकडे कुणी आजारी पडलं की पाहायला जावंच लागतं. जो जात नाही त्याचं नाव पुढच्या लग्नकार्यापर्यंत काढलं जातं. शेजारच्या कांताबाई सर्वांत आधी काढ्याचं पातेलं घेऊन हजर झाल्या. त्यांच्यामागे गल्ली आली, गल्लीमागे मागची गल्ली. वरूडहून संत्री घेऊन मार्केटला आलेला माझा थोरला मेव्हणा तर अख्खं क्रेट खांद्यावर टाकून आत शिरला.

"जवाईबुवा, बहीन माही अन् मले टीव्हीवरून समजते?"

"दादा, घसा बसलाय फक्त."

"मंग एवढी लोकं काहून रडून राह्यली?"

खरंच, दोघीतिघींनी पदर डोळ्याला लावला होता. सगळ्यांना एकदा सिस्टरांचं तोंड पाहायचं होतं. मी आतल्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून उभा राहिलो आणि "आत्ताच डोळा लागलाय" असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागलो. आत फक्त पलंग होता.

पाच वाजता गजानन कॅमेरा घेऊन आला. "सर, मुलाखत नाही तर नाही, तब्येतीचंच लाइव्ह करू. लोकं चिंता करून राह्यले."

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि त्याच क्षणी मागच्या गल्लीतून खणखणीत आवाज आला, "बंधू आनि भगिनींनो!"

कांताबाईंनी कान टवकारले. "हा तं सिस्टरचा आवाज हाय!"

"रेकॉर्डिंग आहे ते," मी म्हणालो.

रेकॉर्डिंग जवळ आलं. "ए भाऊ, नालीत कचरा काहून टाकून राह्यला? उचल तो आधी!"

"लय भारी रेकॉर्डिंग हाय," मेव्हणा म्हणाला.

रेकॉर्डिंग आमच्या गल्लीत वळलं आणि भोंग्यातूनच किंचाळलं, "अवो, माह्या घरासमोर इतक्या चपला कायच्या?"

मंदा धावतच आत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी उभा दिसलो तशी ती मटकन खुर्चीत बसली. "मले वाटलं, तुमीच गेले!" ती म्हणाली आणि चक्क रडली. इतक्या वर्षांच्या संसारात मला इतकं बरं आणि इतकं लाजिरवाणं एकाच वेळी कधी वाटलं नव्हतं. मग तिने डोळे पुसून विचारलं, "कोनाले काय झालं?"

"तुमालेच!" सगळे एका सुरात म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. पुढचं मला सांगावं लागलं नाही.

"घसा चांगला हाय माहा," तिने कॅमेऱ्याला सांगितलं. "मी खरं बोलीन याची आमच्या सरायले भीती वाटली. आता आलेच हा तं इचारा."

कांताबाईंनी पहिलाच प्रश्न नळाचा विचारला. मी डोळे मिटून घेतले.

"रोज पानी माह्या हातात नाही, कांताबाई. नाली हाय. ते साफ करून घेईन."

"मग बाकीचे तं रोज पानी देतो म्हनते. तुमाले मत काहून द्यावं?"

"सुई टोचतानी 'दुखनार नाही' असं मी कोनाले म्हनलं काय कधी?"

मग मागून कुणीतरी म्हणालं, "नाही बा. 'दुखीन, पन हालू नको' म्हनत होत्या." आणि सगळं घर हसलं. नकळत अनेकांचा हात दंडाकडे गेला होता.

मंदा निवडून आली. नाली साफ झाली. नळाचं तिने सांगितलं होतं तसंच आहे.

निकालाच्या दिवशी गजानन गुलालात माखून आला. "सर, तुम्ही प्रचारप्रमुख! दोन शब्द बोला, लाइव्ह हाय!"

मी टोपी सरळ केली, घसा खाकरला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात मंदाने माईक हळूच आपल्याकडे घेतला.

"त्यायले नको बोलाले लावू, बाबू," ती म्हणाली. "त्यायचा घसा बसला हाय."