रोलरवाल्याची माफी

गुरप्पाला तुम्ही ओळखत नसाल, पण त्याने दाबलेल्या रस्त्यावरून नक्की गेला असाल. तीस वर्षं तो सोलापुरात एका ठेकेदाराचा रोड रोलर चालवतोय. इंजिनाच्या धडधडाटाने त्याचा डावा कान जवळपास गेलाय, त्यामुळे बोलतो मोठ्याने आणि ऐकतो उजवा कान पुढे करून. मी त्याचा शेजारी, बसवराज, लेडीज टेलर. एवढा सरळ माणूस आमच्या गल्लीत दुसरा नाही, आणि याच माणसाला गल्लीने गुन्हेगार ठरवलं. तो राग माझ्या मनातून अजून जात नाही. त्या रागातला थोडा माझ्यावरचाही आहे, ते पुढे येईलच.

झालं असं. बुलेटला कानठळ्या बसवणारे सायलेन्सर लावून सात रस्ता चौकातून भर दुपारी सुसाट जाणाऱ्या पोरांविरुद्ध पोलिसांनी मोहीम काढली. गाड्या धरल्या, दंड केले, सायलेन्सर काढून घेतले. आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसते अंगठे. 'असंच पाहिजे', 'एकालाही सोडू नका', 'साहेबांचा सत्कार करा'. मग एके सकाळी ते सगळे सायलेन्सर मैदानात रांगेने मांडले आणि चिरडायला रोलर मागवला. तो आला गुरप्पाचा. शर्टाचं तुटलेलं बटण माझ्याकडून लावून घेऊन, भस्म लावून, लग्नाला निघाल्यासारखा गेला होता.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी जेऊरकडची बजाबाई त्याच्या रोलरबरोबर कामाला होती. चाकाला डांबर चिकटू नये म्हणून ती ओल्या पोत्याने चाक पुसत बाजूने चालायची. रस्ता बंद होता, दोरी बांधलेली, दगड लावलेले. दोरी तोडून एक बुलेट आली, बजाबाईला उडवून तशीच निघून गेली. तिचा पाय वाकडा झाला तो झालाच, आणि गाडीवाला काही सापडला नाही. "अण्णा, रोलर घिऊन कुणाच्या मागं लागू मी?" असं म्हणत गुरप्पा त्या दिवशी माझ्या दुकानात रडला होता. मग त्या सकाळी तो रोलरवर जरा ताठ बसला असेल, तर बसू दे की!

त्याचा फोटो पेपरात आला आणि सगळं फिरलं. चिरडलेल्या सायलेन्सरांत तीन आमच्याच गल्लीतल्या पोरांचे होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! अंगठे गेले आणि दुसराच सूर लागला. 'आधी खड्डे बुजवा', 'चोर सापडत नाहीत, पोरं बरी सापडतात'. पोलीस चौकीत जाऊन हे बोलायची एकाचीही छाती नव्हती. मग वड्याचं तेल वांग्यावर. किराणावाला सिद्धप्पा भर दुकानात गुरप्पाला म्हणाला, "दात काढत फिरवलास की रं रोलर आमच्या पोरांच्या वस्तूवर." बायका त्याच्या बायकोशी, शरणम्माशी, बोलेनाशा झाल्या.

त्याहून वाईट पुढे होतं. चौथा सायलेन्सर निघाला नंदीशचा. गुरप्पाच्या मुलीचं, धनलक्ष्मीचं लग्न याच नंदीशशी ठरलेलं, साखरपुडा झालेला, पत्रिका छापून आलेल्या. स्थळ मीच आणलं होतं. नंदीशचा बाप संगप्पा फोनवर मला म्हणाला, "सासऱ्यानंच जावयाची इज्जत चिरडली की हो! आता व्हिडिओत माफी मागू द्या. पोलिसांनी जबरदस्ती केली म्हणावं. न्हायतर लग्न मोडलं समजा."

खरं तर फोन आपटायला हवा होता. मी काय केलं? गुरप्पाकडे जाऊन म्हणालो, "दोन वाक्यं बोलून टाक. पोरीचं कल्याण होऊ दे." तो दोन दिवस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात येऊन म्हणाला, "चला अण्णा. बोलतो."

संगप्पाच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. चहा झाला. स्टीलच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला. गुरप्पाने हात जोडले, घसा साफ केला, आणि तेवढ्यात असा आवाज आला की त्याच्या डाव्या कानालाही कळला. नंदीश आला. नवा सायलेन्सर, जुन्याहून मोठा.

"मामा, आता बोलवा तुमचा रोलर!" असं तो म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो, लाज वाटते सांगायला.

गुरप्पा मात्र गाडीकडे बघत होता. उठून जवळ गेला, मागच्या सीटवर हात फिरवला. "हितं मागच्याला धरायला दांडी असती. कुटं गेली?"

"काढली की. बरी दिसत न्हाय. मागच्यानं मला धरायचं!" पुन्हा हशा.

"मागं माझी पोरगी बसणार," गुरप्पा म्हणाला. नेहमीसारखा मोठ्याने नाही, अगदी हळू. मग आमच्याकडे वळून कानडीत म्हणाला, "ब्याड." नको.

"मग लग्न मोडलं समजा!" संगप्पा ओरडला.

"समजायचं काय त्यात? मोडलं." तो चपला घालून निघालासुद्धा. बाहेर येऊन मी त्याला वेड्यात काढलं. पत्रिका वाटल्यात, पोरीचं काय होईल, लोक काय म्हणतील. तो उजवा कान माझ्याकडे न करता चालत राहिला.

घरी धनलक्ष्मी भाकरी थापत होती. गुरप्पाने तिला सगळं सांगितलं आणि तिच्यासमोर हात जोडले, मघाशी माफीसाठी जोडले होते तसेच. तिने तवा उतरवला, हात धुतले आणि सलवार थोडी वर केली. पोटरीवर तळहाताएवढा भाजल्याचा डाग होता. गरम पाणी सांडलं म्हणून तिने आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं.

"साखरपुड्यानंतर नंदीश विजापूर रोडला घिऊन गेला होता मला," ती म्हणाली. "दोन ट्रकांच्या मधनं घातली गाडी. हळू म्हणलं तर आणि जोरात. मग कचकन ब्रेक मारला, पाय सायलेन्सरला चिकटला. त्यो हसत होता."

"आणि तू बोलली न्हाईस?" गुरप्पाने विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"पत्रिका आल्या होत्या, अप्पा. तुमी सगळी लई खूश होता. मी म्हणलं, हुईल सवय."