पहिली चिठ्ठी ओढ्याकडची

वाचनालयाच्या फळ्यापाशी जमणाऱ्या मंडळींनो, आज सकाळचं सांगतो.

माझी सुमन मुंबईच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकू लागली आहे. शिकलेलं करून पाहायला तिने आमचंच शेत घेतलं. शेतातल्या जागांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, निघतील त्या जागांचं भात कापून तोलायचं आणि त्यावरून साऱ्या शेताचा अंदाज बांधायचा.

पहिलीच चिठ्ठी निघाली ओढ्याकडच्या कोपऱ्याची. तिथलं भात पोचट. बांधावर तर अर्धं गाव उभं.

मी हळूच म्हटलं, "दुसरी काढ गो पोरी. लोक बघतायत."

"बाबा, मनासारखी येईपर्यंत काढायची, तर चिठ्ठी टाकायचीच कशाला?"

शेजारचा जानू हसला. "शिकव अजून पोरीला! बापाचंच पोचट भात गावाला दावते."

 सुमन विळा घेऊन तिथलंच भात कापायला बसली.

मी भात मिरवायला गेलो होतो, लेक मिरवत घरी आलो.

गावदेवीचा कौल मनाजोगता आला नाही, मूर्तीला लावलेलं फूल नको त्या बाजूला पडलं, की आपण ते पुन्हा लावतो. खरं सांगा, लावतो ना? मी तरी आता एकदाच लावणार.